33 डिसेंबर 2021

या घटनाक्रमातल्या सगळ्या वेळा भारतीय आहेत. शून्य तास म्हणजे शनिवार, 1 जानेवारी 2022, पहाटे 5:30. आपल्याकडे पहाट असते तेव्हा जागतिक प्रमाणवेळेची मध्यरात्र होते, आणि संगणकांची पुष्कळशी कामं आपली वेळ न पाळता ती वेळ पाळतात. या आपत्तीत काही पडलं नाही, जळलं नाही, कोणी हल्लाही केला नाही. मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज सर्व्हरच्या 2016 आणि 2019 या आवृत्त्या ज्यांनी स्वतःच्या जागेत, स्वतःच्या यंत्रांवर बसवल्या होत्या, त्यांचे मेल यायचे-जायचे थांबले. मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर ज्यांचा मेल होता त्यांना याचा पत्ताही लागला नाही.

उणे 14 तास. शुक्रवार, दुपारी 3:30

प्रशांत महासागरातल्या किरिबाटीच्या पूर्वेकडच्या बेटांवर 2022 उजाडलं. तासाभराने न्यूझीलंडमध्ये, आणखी दोन तासांनी सिडनीत, मग रात्री साडेआठला टोकियोत. प्रत्येक ठिकाणी मध्यरात्र आली आणि सुरळीत गेली. 1999 सालचा 31 डिसेंबर ज्यांनी सर्व्हर रूममध्ये बसून काढला, त्यांना अजूनही सवय आहे: पूर्वेकडचे देश नव्या वर्षात गेले की आधी तिकडच्या बातम्या बघायच्या, तिथे काही पडलं नाही तर आपल्याकडेही पडणार नाही असं धरून चालायचं. तेव्हा ते ठीकच होतं, कारण तेव्हाचा दोष, वायटूके, त्या त्या यंत्राच्या स्थानिक घड्याळात होता. या वेळी धोका कोणत्याच घड्याळात नव्हता. तो एका आकड्यात होता, आणि तो आकडा अजून सर्व्हरपर्यंत पोहोचायचा होता.

उणे 9 तास. रात्री 8:30

एक्स्चेंज सांभाळणाऱ्या मंडळींचं 2021 साल कसं गेलं हे माहीत असल्याशिवाय पुढचं नीट कळत नाही. मार्चमध्ये प्रॉक्सीलॉगॉन नावाने गाजलेल्या भोकांतून याच सर्व्हरांवर जगभर हल्ले झाले; मायक्रोसॉफ्टने 2 मार्चला तातडीचे पॅच दिले, पण तोवर अनेकांच्या सर्व्हरमध्ये पाहुणे शिरून बसले होते. ऑगस्टमध्ये प्रॉक्सीशेल नावाची नवी भोकं आली. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात लॉगफोरजे नावाच्या एका साध्या लायब्ररीतल्या भोकाने सगळ्यांचे शनिवार-रविवार खाल्ले. मेल सर्व्हर विचित्र वागला की या माणसांच्या मनात पहिला शब्द येणार तो 'हल्ला'. वर्षभरात त्यांना तेच शिकायला मिळालं होतं.

उणे साडेपाच तास. मध्यरात्र

कोरोनाच्या ओमिक्रॉन प्रकारामुळे महाराष्ट्रात रात्री 9 ते सकाळी 6 सार्वजनिक ठिकाणी पाचांपेक्षा जास्त लोकांनी एकत्र यायला बंदी होती. नवं वर्ष बहुतेकांनी घरातच, फोनवर शुभेच्छा ढकलत सुरू केलं. हिंजवडी, ऐरोली अशा ठिकाणच्या कंपन्यांची परदेशी ग्राहकांना तांत्रिक मदत देणारी माणसं तेव्हा घरूनच रात्रपाळी करत होती. 31 डिसेंबरची ऑनकॉल पाळी टीममधल्या सगळ्यात नव्या पोराच्या गळ्यात पडते, हा आयटीतला अलिखित नियम आहे. त्या रात्री कधी नव्हे ती तक्रारींची तिकिटं कमी. भारतातल्या सर्व्हरांनीही तारीख बदलली, मेल येत-जात राहिले.

उणे 1 मिनिट. पहाटे 5:29

आता तो आकडा.

एक्स्चेंजमध्ये 2013च्या आवृत्तीपासून मालवेअर तपासणारं एक इंजिन आपोआप बसलेलं येतं. त्याचं नाव एफआयपी-एफएस. आत येणारा, बाहेर जाणारा, आतल्या आत फिरणारा प्रत्येक मेल त्याच्या चाळणीतून जातो. नवनवे व्हायरस ओळखण्यासाठी या इंजिनाला ठरावीक अंतराने नवी फाइल मिळते, आणि प्रत्येक फाइलवर आवृत्तीचा क्रमांक असतो. हा क्रमांक तारखेवरून बनवायचा, अशी पद्धत कोणीतरी कधीतरी ठरवली: आधी वर्षाचे दोन आकडे, मग महिना, मग दिवस, शेवटी चार आकडी अनुक्रम. पद्धत छानच आहे. माणसाला वाचता येते, आणि नव्या फाइलचा क्रमांक नेहमी जुनीच्या क्रमांकापेक्षा मोठा भरतो, त्यामुळे 'माझ्याकडची जुनी की नवी' हे साध्या तुलनेने कळतं.

पण तुलना करायची तर तो क्रमांक संख्या म्हणून साठवावा लागतो, आणि तो साठवला होता 32 बिटांच्या खान्यात. त्यातलं एक बिट उणे-अधिकच्या चिन्हासाठी राखलेलं. उरलेल्या 31 बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या आहे 2147483647, म्हणजे 214 कोटी 74 लाख 83 हजार 647. डिसेंबर 2021चे क्रमांक 211 कोटींच्या घरात होते. मावत होते. 1 जानेवारी 2022ची पहिली फाइल 2201010001 या क्रमांकाची. हे झाले 220 कोटी 10 लाख 10 हजार 1.

इथे जरा थांबण्यासारखं आहे. वर्ष सर्वांत डावीकडे ठेवल्यामुळे दर 1 जानेवारीला हा क्रमांक जवळजवळ नऊ कोटींनी उडी मारतो. म्हणजे 21 साल मावतं आणि 22 मावत नाही, हे कागद-पेन्सिल घेऊन कोणालाही सांगता आलं असतं, आणि तेही पद्धत ठरली त्याच दिवशी. ज्या क्रमांकाला उणे असण्याचं काही कारणच नाही, त्याचं चिन्हाचं बिट मोकळं केलं असतं तर मर्यादा 429 कोटींवर गेली असती आणि हेच संकट 2043च्या जानेवारीपर्यंत ढकललं गेलं असतं. कोणाच्या तरी आळसावर बोट ठेवायचा मोह होतो. मला मात्र वाटतं, ज्याने हा खाना निवडला त्याच्या डोळ्यांसमोर तेव्हा 2022 नव्हतंच. जे लिहितोय ते इतकी वर्षं टिकेल असं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला सहसा वाटत नाही.

शून्य. पहाटे 5:30

जागतिक वेळेनुसार नवं वर्ष लागलं. पुढच्या काही वेळात सर्व्हर नव्या क्रमांकाची फाइल उतरवू लागले. इंजिनाने क्रमांक वाचला, खान्यात घालायचा प्रयत्न केला आणि ते कोसळलं. पुन्हा सुरू झालं, पुन्हा कोसळलं. इंजिन नसेल तर मेल न तपासता पुढे सोडायचा, असं सर्व्हरला सांगितलेलं नव्हतं; त्याने मेल रांगेत उभे केले. सुरक्षेच्या दृष्टीने हा निर्णय बरोबरच होता. आपत्तीही त्यातूनच झाली.

लंडनमध्ये आतषबाजी सुरू होती. न्यूयॉर्कमध्ये 31 तारखेचे संध्याकाळचे 7 वाजले होते. मायक्रोसॉफ्टचं मुख्यालय आहे त्या रेडमंडमध्ये दुपारचे 4. तिथल्या लोकांच्या भिंतीवर 2021च होतं, मेलच्या इंजिनासाठी मात्र 2022 लागलं होतं.

अधिक 20 मिनिटं

आता टेबलासमोर बसलेल्या माणसाकडून पाहू. शनिवार असला तरी रुग्णालयं, कारखाने, वर्तमानपत्रं, विमानतळ यांना सुट्टी नसते. कोणीतरी आउटलूक उघडून मेल पाठवतो. मेल आउटबॉक्समधून सेंट आयटम्समध्ये जातो. समोरच्याचा फोन येतो, 'अरे पाठव ना.' हा म्हणतो, 'कधीच पाठवला.' दोघंही खरं बोलत असतात.

आउटलूकच्या खालच्या पट्टीवर लिहिलेलं असतं: मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंजशी जोडलेलं आहे. तेही खरं. सेंट आयटम्समध्ये मेल दिसणं याचा अर्थ मेल पोहोचला असा लोक घेतात. त्याचा अर्थ इतकाच, की तुमच्या मेलबॉक्सने तो पुढच्या टप्प्याच्या हवाली केला. टपालपेटीत पत्र पडलं, टपालाचा माणूस ते उचलून घेऊनही गेला, पण वर्गीकरणाच्या खोलीत त्या दिवशी कोणी आलंच नाही.

मग सुरू होतं ते सगळ्यांना पाठ असलेलं. सेंड-रिसीव्ह परत दाबा. 'वर्क ऑफलाइन' चुकून चालू नाही ना ते बघा. आउटलूक बंद करून उघडा, मग सेफ मोडमध्ये उघडा, म्हणजे एखादं ॲड-इन त्रास देत असेल तर कळेल. घड्याळाजवळच्या आउटलूकच्या चिन्हावर कंट्रोल दाबून राइट क्लिक करा, कनेक्शन स्टेटस उघडा. सगळ्या ओळी 'एस्टॅब्लिश्ड'. पासवर्ड बदलला होता का? मग परत टाका. कंट्रोल पॅनेलमधून नवं प्रोफाइल करा. ओएसटी फाइल, म्हणजे मेलबॉक्सची संगणकावर ठेवलेली प्रत, तिचं नाव बदला आणि नव्याने उतरू द्या. शेवटच्या दोन उपायांत मोठ्या मेलबॉक्सचा निम्मा दिवस जातो. बिघाड तिथे असेल तर हे उपाय रामबाण आहेत. नसेल तर चांगलं चालणारं खातं मोडून पुन्हा बांधायचं, आणि वर शंका: आपणच काही बिघडवलं की काय.

या पाठांतरात माझ्या मते एक पायरी चुकीच्या जागी आहे. 'हे फक्त माझंच आहे की शेजारच्याचंही?' हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारला जातो, आणि त्याचं उत्तर मिळवायला एका फोनपेक्षा जास्त काही लागत नाही. त्या पहाटे तो आधी विचारणाऱ्याला पाच मिनिटांत कळलं असतं की आउटलूकला हातही लावायला नको. ब्राउझरमधून तोच मेलबॉक्स उघडून पाठवून बघितलं तरी तेच: मेल जातो, पोहोचत नाही. मग डेस्कटॉपवरचा प्रोग्राम निर्दोष सुटला.

अधिक 1 तास. सकाळी 6:30

ऑनकॉल पोराचा फोन वाजला. त्याचीही एक शिडी असते. आउटलूक सर्व्हरशी 443 या पोर्टवरून बोलतं, ते चालू. बाहेरचे मेल 25 पोर्टवर येतात. टेलनेटने जोडून पाहिलं, सर्व्हरने 220 म्हणून नेहमीचं स्वागत केलं. डीएनएस बरोबर. प्रमाणपत्राची मुदत शिल्लक. डिस्कवर जागा आहे. सगळ्या सेवा 'रनिंग'. जिथे म्हणून हिरवा दिवा असायला हवा तिथे हिरवा दिवा.

इथे एक्स्चेंजची एक गंमत लक्षात ठेवावी लागते. एकाच कचेरीतल्या, एकाच डेटाबेसमधल्या दोन माणसांनी एकमेकांना मेल पाठवला तरी तो थेट या कप्प्यातून त्या कप्प्यात पडत नाही. तोही ट्रान्सपोर्ट सेवेच्या रांगेतून फिरून येतो. म्हणून शेजारच्या टेबलावरचा माणूसही तितकाच दूर झाला होता जितका टोरांटोतला. हे आठवलं की शोधायची जागा एकच उरते: क्यू व्ह्यूअर. उघडला, आणि सबमिशन नावाच्या रांगेसमोरचा आकडा बघता बघता वाढत होता.

सर्व्हर रीस्टार्ट. ज्याला दुसरं काही सुचत नाही तो हे करतो, ज्याला सगळं सुचतं तोही आधी हेच करतो. पाच मिनिटं काही मेल हलल्यासारखे वाटले तरी रांग पुन्हा तुंबली.

अधिक 2 तास

इव्हेंट व्ह्यूअर. ॲप्लिकेशन लॉगमध्ये एफआयपी-एफएसच्या नावाने लाल खुणांची रांग, 5300 आणि 1106 क्रमांकांच्या. मजकूर असा, की मायक्रोसॉफ्टचं स्कॅन इंजिन लोड झालं नाही, त्रुटी 0x80004005, आणि कारण: '2201010001'चं 'लाँग'मध्ये रूपांतर करता येत नाही.

त्रुटीचे संदेश सहसा काही सांगत नाहीत, या एकाने सगळं सांगितलं होतं. पण ते वाचण्यासाठी त्या आकड्यात आजची तारीख दिसायला हवी, आणि 'लाँग' हा 32 बिटांचा खाना आहे हे डोक्यात असायला हवं. जगभरच्या एक्स्चेंजवाल्यांनी ते तासा-दोन तासांत एकमेकांना सांगितलंही. मायक्रोसॉफ्टकडून अजून काही आलेलं नसताना निदान झालेलं होतं, आणि त्याला टोपणनावही मिळालं, वायटूकेट्वेंटीटू. त्याच दिवशी होंडाच्या काही जुन्या गाड्यांतली घड्याळं 2002 सालात मागे गेली, त्याने या नावाला आणखी जोर चढला. त्या दोषाचा एक्स्चेंजशी संबंध मात्र नव्हता.

अधिक 4 तास. सकाळी 9:30

एक्स्चेंजमध्ये मेल चार तास अडकून राहिला की पाठवणाऱ्याला 'उशीर होतोय' अशी सूचना जाते, ही मूळची सोय. पण ती सूचना हासुद्धा एक मेलच.

बाहेरून मेल पाठवणाऱ्यांची अवस्था त्याहून वाईट. त्यांच्या सर्व्हरला इकडच्या सर्व्हरने 'मिळाला' असं उत्तर दिलेलं होतं, म्हणून ते पुन्हा प्रयत्न करणार नव्हते. रांग वाढून डिस्क किंवा मेमरी कमी पडू लागली की एक्स्चेंज स्वतःहून दार लोटून घेतं आणि 452 4.3.1, साधनसामग्री अपुरी, असं सांगून नवे मेल परतवतं. तिथपर्यंत जाणं तुलनेने बरं म्हणायचं, कारण पाठवणारा सर्व्हर मग तो मेल स्वतःजवळ ठेवतो आणि पुन्हा पुन्हा दार वाजवत राहतो.

आणि खरा उलटा हिशोब इथे चालू होता. एक्स्चेंजच्या रांगेत मेल दोन दिवस टिकतो, हे मूळचं सेटिंग. त्यानंतर तो पोहोचला नाही म्हणून परत फिरवला जातो. शून्य तासाला अडकलेल्या मेलची मुदत सोमवारी, 3 जानेवारीला, पहाटे 5:30ला संपणार होती. आठवड्याचं पहिलं कामाचं सत्र सुरू व्हायच्या अगदी आधी.

अधिक 5 तास. सकाळी 10:30

न्यूयॉर्कमध्ये मध्यरात्र. तिथल्यांसाठी हा बिघाड संध्याकाळी सातलाच सुरू झाला होता, कॅलेंडर 31 डिसेंबर दाखवत असताना. त्यामुळे तारखेचा संशय त्यांना चटकन येण्यासारखा नव्हता.

एव्हाना सगळ्यांच्या हाती एकच तोडगा होता. मालवेअर तपासणी बंद करा. त्यासाठी एक्स्चेंजच्या स्वतःच्याच सोयी असतात. एक स्क्रिप्ट तपासणी पुरती बंद करते, एक आज्ञा तिला नुसता वळसा घालते. मग ट्रान्सपोर्ट सेवा पुन्हा सुरू केली की तुंबलेले मेल धडधडत वाहू लागतात. हात मात्र थबकतो. ज्या सर्व्हरवर वर्षभर हल्ले झाले, त्याची चाळणी सुट्टीच्या दिवशी, वरिष्ठ झोपेत असताना, कोणाचीही लेखी परवानगी नसताना काढायची? काहींनी काढली. काहींनी आधी बाहेरच्या बाजूला दुसरं गाळणारं यंत्र आहे याची खात्री केली, मग काढली. काही जण थांबले. रुग्णालयाच्या मेलवर बसलेल्याने थांबू नये आणि बँकेच्या मेलवर बसलेल्याने घाई करू नये, असं आज लिहिणं सोपं आहे.

शनिवार आणि रविवार

1 जानेवारीला मायक्रोसॉफ्टने बिघाड मान्य केला. त्यांचं म्हणणं असं, की वर्ष बदलताना तारखेच्या तपासणीत गोंधळ झाला आहे, इंजिनाच्या व्हायरस पकडण्यात दोष नाही, आणि हा सुरक्षेचा प्रश्न नाही. तांत्रिक अर्थाने बरोबर. ज्याने चाळणी काढून ठेवली होती त्याला मात्र तो सुरक्षेचाच प्रश्न वाटत होता.

मग आली दुरुस्ती, रीसेट-स्कॅनइंजिनव्हर्जन नावाची स्क्रिप्ट. ती प्रत्येक सर्व्हरवर वेगळी चालवायची. आधी फिल्टरिंग आणि ट्रान्सपोर्ट या दोन्ही सेवा थांबवते, इंजिनाचा जुना फोल्डर आणि त्याची माहिती पुसते, सेवा परत चालू करते आणि नवी फाइल उतरवते. हातानेही करता येतं. काही सर्व्हरांवर लवकर झालं, काहींवर फाइल उतरायलाच वेळ लागला, आणि तुंबलेली रांग ओसरायला आणखी वेळ.

नव्या फाइलचा क्रमांक पाहून पुष्कळांनी डोळे चोळले: 2112330001. वर्ष 21, महिना 12, दिवस 33. मायक्रोसॉफ्टने खाना रुंद केला नव्हता, तारीखच थांबवली होती. 2021चा डिसेंबर संपूच द्यायचा नाही, म्हणजे संख्या 211 कोटींतच राहील. गणिताने पाहिलं तर 21 सालात अजून पुष्कळ जागा शिल्लक होती; मर्यादेचा आकडा 2147ने सुरू होतो, म्हणजे त्या वर्षाला सत्तेचाळीस महिने देता आले असते. मला हा तोडगा अजिबात हास्यास्पद वाटत नाही. हजारो ठिकाणच्या, मालक वेगवेगळे असलेल्या सर्व्हरांवर नवा कोड शनिवारी पोहोचवण्यापेक्षा एक वेगळा क्रमांक पोहोचवणं केव्हाही जास्त खात्रीचं.

अधिक 48 तास. सोमवार, पहाटे 5:30

ज्यांची दुरुस्ती झाली होती त्यांच्या आउटलूकमध्ये सोमवारी सकाळी दोन दिवसांचे मेल एकदम कोसळले. ज्यांच्याकडे त्या सुट्टीत कोणी बघितलंच नव्हतं, त्यांचे सगळ्यात जुने मेल एव्हाना मुदत संपून परत फिरायच्या वाटेवर होते.

आणि एक काम बहुतेकांच्या यादीतून निसटण्यासारखं होतं. शनिवारी ज्यांनी तपासणीला वळसा घातला होता, त्यांचे मेल चालू झाले, तक्रारी थांबल्या, तिकीट बंद झालं. चाळणी परत बसवली नाही तरी कोणाला काही जाणवत नाही; आउटलूक तसंच चालतं, किंबहुना थोडं झपाट्याने. ती परत लागली का हे बघायला प्रत्येक सर्व्हरवर गेट-मालवेअरफिल्टरिंगसर्व्हर ही आज्ञा चालवून बायपासफिल्टरिंगच्या समोर काय लिहिलंय ते वाचावं लागतं. 'ट्रू' असेल तर ते 'फॉल्स' करायचं. ज्यांनी तपासणी पुरती बंद केली होती त्यांनी ती चालू करणारी स्क्रिप्ट चालवायची, ट्रान्सपोर्ट सेवा पुन्हा सुरू करायची, आणि दोघांनीही मधल्या दोन दिवसांत न तपासता आत आलेले मेल मेलबॉक्समध्ये शोधून पुन्हा तपासायला घ्यायचे.